पोपडे सुटलेला ओटा: जुना रंग काढून नवा रंग टिकवण्याची रीत

खानदेशातील घराचा सिमेंटचा ओटा रंगवायचा झाला की तारीख ठरते ती सणावरून. श्रावणात कानबाई या देवीचे रोट, म्हणजे तिच्या पूजेचा सण, असतो म्हणून घराची साफसफाई आणि रंगरंगोटी होते, तेव्हा जमले नाही तर दिवाळी गाठली जाते, आणि दिवाळीही हुकली तर लेकीबाळी माहेरी येण्याच्या आत, म्हणजे आखाजीपूर्वी (अक्षय्य तृतीयेपूर्वी), काम उरकायचे ठरते. ओट्याच्या दृष्टीने मात्र हे तिन्ही मुहूर्त गैरसोयीचे आहेत. श्रावणात काँक्रीट पाणी पिऊन बसलेले असते, दिवाळीच्या सुमारास ते वरून कोरडे दिसले तरी आतून ओलसर असते, आणि वैशाखात ते इतके तापते की रंग ब्रशमधून उतरताच आळतो व खालच्या पृष्ठभागात मुरतच नाही. गावोगावी ओट्यांवर दिसणाऱ्या पोपड्यांपैकी बरेचसे या घाईतून आलेले असतात.

रंग सुटतो तो बहुधा रंग वाईट होता म्हणून नव्हे, तर खालचा थर त्याला धरून ठेवू शकला नाही म्हणून. त्यामुळे या वेळी अधिक महाग डबा आणणे हा पोपड्यांवरचा उपाय ठरत नाही. श्रमांचा मोठा वाटा तपासणे, खरवडणे, धुणे, डागडुजी करणे आणि वाट पाहणे यांत जातो, आणि प्रत्यक्ष रंग देण्याचे काम त्या मानाने थोड्या वेळात आटोपते. येथे जो ओटा गृहीत धरला आहे तो नेहमीचाच आहे: विटांचे किंवा काळ्या दगडाचे जोते, आत मुरूम-मातीचा भराव, त्यावर काँक्रीट, वर घोटलेला कोबा (सिमेंटचा गुळगुळीत थर), आणि त्या कोब्यावर वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे दोन-तीन हात.

पोपड्याची मागची बाजू पाहावी

खरवडणी हाती घेण्यापूर्वी भिंतीलगतचे, मधल्या भागातले, पायरीच्या कडेचे आणि मोटारसायकल उभी राहते तेथले काही पोपडे हाताने सोडवून उलटे करून पाहावेत. रंग का सुटला याचे उत्तर त्यांच्या पाठीवर असते, आणि पुढची सगळी दिशा त्या उत्तरावर अवलंबून असल्याने या तपासणीला पुरेसा वेळ द्यावा.

पोपड्याच्या पाठीला राखाडी भुकटी चिकटलेली असेल, तर रंगाने कोब्याला नीट धरले होते, पण कोब्याचा वरचा पापुद्राच कच्चा होता. आपल्याकडे कोबा टाकताना वर कोरडे सिमेंट भुरभुरवून थापीने घोटण्याची पद्धत आहे. त्या वेळी मिश्रणात पाणी जास्त झाले असेल, किंवा काम उन्हाळ्यात झाले आणि नंतर पाणी मारणे कमी पडले असेल, तर वर भुसभुशीत थर तयार होतो. दिसायला तो गुळगुळीत असतो, पण खिळ्याने ओरखडा काढला की पांढरट पूड निघते. हा थर घासून काढल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही.

पोपड्याची पाठ स्वच्छ आणि चकचकीत निघाली, तर दोष नेमका उलटा असतो. कोबा पक्का आहे, पण इतका घोटलेला आहे की रंगाला धरायला जागाच मिळालेली नाही. अशा वेळी पृष्ठभाग खरबरीत करणे हे मुख्य काम ठरते.

पाठीवर किंवा खालच्या कोब्यावर पांढरे, मिठासारखे स्फटिक किंवा कापसासारखा फुलोरा दिसला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. पाणी काँक्रीटमधून वर सरकताना विरघळलेले क्षार सोबत आणते, वर पोहोचल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच साचून रंगाला खालून ढकलतात. भिंतीला लागणारा लोणा म्हणजे हाच प्रकार. याचा बंदोबस्त सगळ्यांत अवघड असतो, त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

पाठ चिकट, बुळबुळीत लागली, तर तेथे बहुधा ऑइल पेंट वापरलेला असतो. दारे-खिडक्यांसाठी आणलेल्या एनॅमलचा उरलेला डबा ओट्याला लावण्याची सवय सर्रास आढळते. हे रंग तेलापासून तयार केलेल्या राळेवर बनलेले असतात, तर सिमेंट हे तीव्र अल्कधर्मी असते आणि ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३ इतका असतो. त्यात ओल मिळाली की अल्क आणि रंगातले तेल यांची प्रक्रिया होऊन अक्षरशः साबण तयार होतो, आणि रंगाची खालची बाजू मऊ पडून तो सुटतो. लोखंडी ग्रिलला लावायचा रेड ऑक्साइड प्रायमरही याच जातीचा आहे. कोब्यात रंगद्रव्य म्हणून मिसळला जाणारा लाल ऑक्साइड वेगळा आणि डब्यातला हा प्रायमर वेगळा, पण नावातल्या सारखेपणामुळे दुकानात कोब्यासाठी हा प्रायमर मागणारे गिऱ्हाईक अजूनही भेटते.

शेवटचा प्रकार म्हणजे वरचा हात खालच्या हातापासून सुटतो, खालचा मात्र घट्ट राहतो. जुन्या चकचकीत रंगावर न घासता नवा हात चढवल्याची किंवा मध्ये तेलाचा, साबणाचा थर राहिल्याची ही खूण आहे. असे असेल तर सगळा रंग काढणे टाळता येते. खालचा थर खरोखर घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी धारदार ब्लेडने त्यावर फुलीच्या आकाराची, कोब्यापर्यंत पोहोचणारी चीर द्यावी, तिच्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाले तर तो थर राखण्यात अर्थ नाही.

एकाच ओट्यावर यांपैकी दोन-तीन प्रकार एकत्र सापडू शकतात, कारण भिंतीलगत ओल असते, मधल्या भागात गुळगुळीतपणा असतो आणि गाडीच्या जागी टायरचा परिणाम असतो. तापलेल्या टायरमधली तेलकट द्रव्ये रंगात उतरून त्याला मऊ करतात आणि गाडी हलवताना रंग टायरसोबत उचलला जातो.

ओल कुठून येते ते शोधावे

ओल तपासण्याची सोपी आणि जगभर वापरली जाणारी रीत अशी: दीड फूट लांब व दीड फूट रुंद, म्हणजे साधारण ४५० मिलिमीटर बाजूचा, जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन रंग काढलेल्या कोब्यावर ठेवावा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. किमान १६ तासांनी तो उचलावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील किंवा खालचा कोबा भोवतालच्या भागापेक्षा गडद झाला असेल, तर ओल खालून येते आहे. भिंतीलगत, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला अशा निदान तीन ठिकाणी ही परीक्षा घ्यावी. थंडीत सकाळी प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दिसणारे पाणी दवाचे असते, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

तापीच्या, गिरणेच्या आणि पांझरेच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. जुन्या ओट्यांच्या भरावावर, काँक्रीटखाली, प्लास्टिकचा थर घातलेला नसल्यामुळे जोत्याभोवतालचे पाणी भरावातून वर चढत राहते. ओटा न फोडता हा मार्ग पूर्ण बंद करता येत नाही, पण पाण्याचा पुरवठा मात्र कमी करता येतो. छपराच्या पन्हाळीचे पाणी थेट जोत्याशी पडते काय, सिमेंटची टाकी किंवा रांजण ओट्यावरच पाझरतो काय, मोरीचा पाइप जोत्यातून जाताना फुटला आहे काय, तुळशीवृंदावनाचे पाणी तळातून ओट्यात उतरते काय, हे एकेक पाहून दुरुस्त करावे. अंगणाची माती वाढत वाढत ओट्याच्या बरोबरीला आली असेल तर ती उकरून खाली घ्यावी आणि पाणी जोत्यापासून दूर वाहील असा उतार द्यावा.

ओट्याला स्वतःचा उतारही हवा. शंभरात एक हे प्रमाण पुरते, म्हणजे आठ फूट रुंदीच्या ओट्याला भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत सुमारे एक इंच. दोन बादल्या पाणी ओतून अर्ध्या तासाने कुठे डबकी राहतात ते पाहावे आणि त्या जागा खडूने आखून ठेवाव्यात, कारण पुढे डागडुजीच्या वेळी त्याच जागा भरायच्या असतात.

इतके करूनही डिसेंबर-जानेवारीत प्लास्टिकखाली पाणी जमत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: त्या ओट्यावर जाड थराचा रंग, विशेषतः एपॉक्सी (राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा कठीण रंग), लावू नये. जुना रंग पूर्ण काढून कोबा उघडा ठेवावा आणि हवे असल्यास त्यात मुरणारे, वर पापुद्रा न धरणारे सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे सीलर द्यावे. त्यातून बाष्प बाहेर पडू शकते आणि वरचे पाणी मात्र आत मुरत नाही. उघडा, स्वच्छ घासलेला कोबा पोपडे सुटलेल्या रंगीत कोब्यापेक्षा नक्कीच बरा दिसतो. ज्या घरी ओट्यावर मिरची, दादर (रब्बी ज्वारी) किंवा वाळवण पसरायची पद्धत आहे, तेथेही मी उघड्या कोब्याचीच शिफारस करीन.

कामाचा हंगाम

आपल्या भागात ओटा रंगवण्याचा योग्य काळ म्हणजे मार्गशीर्षापासून होळीच्या आधीपर्यंत. पाऊस संपून दोन महिने झालेले असतात, हवा कोरडी असते आणि दुपारचे तापमान बहुतेक रंगांना मानवणाऱ्या १० ते ३५ अंश सेल्सियसच्या टप्प्यात असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, तेव्हा उन्हातला कोबा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. उलट थंडीच्या लाटेत धुळ्याकडे रात्रीचे तापमान १० अंशांखाली येते आणि पहाटे दव पडते, म्हणून हिवाळ्यातही रंग सकाळी दहानंतर सुरू करून तो सूर्यास्तापूर्वी स्पर्शाला कोरडा होईल अशा बेताने थांबवावा.

सणाची निकड असलीच, तर दिवाळीला केवळ खरवडून आणि धुऊन ओटा स्वच्छ ठेवावा, त्यावर रांगोळी उत्तम दिसते. दिवाळीनंतर डागडुजी करावी आणि रंग पौष-माघात द्यावा.

कोणता रंग घ्यावा

भिंतीचा बाहेरचा इमल्शन ओट्याला लावू नये, तो पायांच्या घासणीसाठी बनवलेला नसतो. झाकलेल्या किंवा उघड्या ओट्यासाठी, ओलीची परीक्षा समाधानकारक आली असेल तर, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक फ्लोअर पेंट हा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. तो सिमेंटच्या अल्काला टिकतो, थोडे बाष्प बाहेर सोडतो, उन्हात पिवळा पडत नाही आणि पुढे खराब झालेला तुकडा तेवढाच दुरुस्त करता येतो. दोन भागांचा एपॉक्सी अधिक कठीण असतो, पण उन्हात तो पिवळट होऊन त्यावर खडूसारखी भुकटी धरते, आणि हार्डनर मिसळल्यावर तो ठराविक वेळातच वापरावा लागतो. ही मुदत उष्ण हवेत आणखी घटते. गाडी रोज ओट्यावर चढत असेल, वर स्लॅब असून ऊन येत नसेल आणि ओल अजिबात नसेल, तरच त्याचा विचार करावा. उन्हातल्या ओट्यावर एपॉक्सीच द्यायचा असेल तर त्यावर ऊन सोसणारा ॲलिफॅटिक पीयूचा (पॉलियुरेथेनचा) हात लागतो आणि खर्च वाढतो.

बारा बाय आठ फुटांचा ओटा म्हणजे ९६ चौरस फूट, सुमारे ९ चौरस मीटर. ॲक्रिलिक फ्लोअर पेंट एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ८ ते १० चौरस मीटर भरतो, पण घासलेला कोबा जास्त पितो. म्हणून दोन हातांसाठी अडीच लिटर धरावे आणि पायऱ्या व जोत्याचा दर्शनी भाग वेगळा मोजावा. प्रायमर त्याच कंपनीचा, त्याच रंगासाठी सांगितलेला घ्यावा. उन्हातल्या ओट्याला गडद लाल किंवा काळा रंग निवडला तर उन्हाळ्यात अनवाणी चालणे कठीण होते. फिकट करडा किंवा मातकट रंग सोयीचा पडतो.

जुना रंग काढणे

येथे एक सावधगिरी प्रथम सांगितली पाहिजे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांमधील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या एनॅमल रंगांत, विशेषतः लाल, पिवळ्या, केशरी आणि हिरव्या छटांत, शिसे असण्याची शक्यता धरूनच वागावे. अशा रंगाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये, जाळू नये आणि झाडूने उडवू नये. पाणी शिंपडून ओला ठेवत खरवडावा, पोपडे ओले असतानाच गोळा करून जाड पिशवीत बांधावेत, आणि ते अंगणात, उकिरड्यावर किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकू नयेत. काम चालू असेपर्यंत मुले आणि गुरे दूर ठेवावीत, पाण्याचे माठ झाकावेत.

सुटलेला रंग रुंद पत्र्याने किंवा लांब दांड्याच्या खरवडणीने सहज निघतो. पत्रा जमिनीशी जवळजवळ आडवा धरून, सुटलेल्या जागेकडून घट्ट जागेकडे ढकलत जावे. जो भाग पत्र्याने निघत नाही त्यासाठी तारेचा ब्रश वापरावा. त्यानंतरही बरेच काही उरत असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रंग काढायचे जेल स्वरूपातले स्ट्रिपर: ते जाड लावून वर प्लास्टिक अंथरावे, नाही तर आपल्या कोरड्या हवेत ते काम करण्याआधीच सुकून जाते. कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्क, असलेले स्ट्रिपर वापरल्यास नंतर भरपूर पाण्याने धुऊन, पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून, पुन्हा धुवावे, अन्यथा उरलेला अल्क नव्या रंगाच्या मुळावर येतो.

दुसरा मार्ग ग्राइंडरचा. चार इंची ग्राइंडरला डायमंड कप व्हील (हिऱ्याची कणी बसवलेले वाटीसारखे चाक) लावून रंग, कच्चा पापुद्रा आणि गुळगुळीतपणा ही तिन्ही कामे एकदम होतात, आणि मोठ्या ओट्यासाठी मला हाच मार्ग पसंत आहे. मात्र जुन्या एनॅमलची शंका असेल तेथे आधी ओल्या पद्धतीने जितका निघेल तितका रंग काढूनच ग्राइंडर हाती घ्यावा. त्याला धूळ ओढणारे कव्हर आणि व्हॅक्यूम जोडलेला असावा. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन ९५ दर्जाचा किंवा त्याहून चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेत. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतत काम करणे म्हणजे विजेच्या धक्क्याला आमंत्रण आहे. चाक एका जागी रेंगाळू देऊ नये, नाही तर गोल खड्डे पडतात आणि ते रंगाखालूनही दिसतात. घट्ट राहिलेल्या रंगाच्या कडा घासून कोब्याशी सपाट कराव्यात, तेथे पायरी राहिली तर नव्या रंगाचा पोपडा तेथूनच उठतो.

धुणे आणि डाग

क्षारांचा फुलोरा आधी कोरड्या ताठ ब्रशने झाडून गोळा करावा. सुरुवातीलाच पाणी ओतले की क्षार विरघळून परत कोब्यात शिरतात. इंजिन ऑइलच्या डागांवर मुलतानी माती साबणाच्या पाण्यात कालवून तिचा जाड लेप द्यावा, वाळल्यावर खरवडून टाकावा आणि डाग फिकट होईपर्यंत हे पुन्हा करावे. केळीच्या चिकाचे काळपट डाग कोब्यात खोल जातात आणि धुऊन निघत नाहीत, ते घासूनच कमी होतात. शेवटी सगळा ओटा डिटर्जंटने खराट्याने घासून, फेस पूर्ण जाईपर्यंत धुवावा. बोअरचे पाणी जड असेल तर अखेरची धुणी नळाच्या पाण्याने करावी आणि पाणी साचून वाळू न देता काढून टाकावे.

ॲसिडने धुण्याचा सल्ला अनेक गवंडी देतात. मुरीॲटिक, म्हणजे पातळ केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड, गुळगुळीत कोबा खरबरीत करते हे खरे, पण रंग किंवा तेल उरलेल्या जागी ते काहीच करत नाही, लोखंडी ग्रिलला गंज आणते, आणि ओट्याच्या कडेला शहाबादी फरशी असेल तर तिला खाते, कारण ती चुनखडीच आहे. ज्याच्याकडे ग्राइंडर नाही त्याने ते नाइलाज म्हणून वापरावे: तीन-चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड घालायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. कोबा आधी भिजवावा, द्रावण पसरून फसफस थांबली की भरपूर धुवावे, मग खायच्या सोड्याचे पाणी फिरवून पुन्हा धुवावे. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, क्लोरिन वायू तयार होतो.

पृष्ठभाग तयार झाला की नाही हे पाण्याचे थेंब सांगतात. ठिकठिकाणी थोडे थोडे पाणी शिंपडावे. ते मिनिटभरात मुरून कोबा गडद झाला तर रंग धरेल. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेथे तेल, जुने सीलर किंवा गुळगुळीतपणा शिल्लक आहे.

भेगा आणि खड्डे

काळ्या मातीवरच्या ओट्याला भेगा पडणारच, प्रश्न इतकाच की त्या हलतात की स्थिर आहेत. ओटा आणि घराची भिंत यांच्या सांध्यातली भेग जवळपास नेहमी हलती असते, कारण घराचा पाया आणि ओट्याचा भराव वेगवेगळे खचतात. तेथे सिमेंट भरल्यास एका ऋतूत ते सुटते. ती भेग साफ करून खोल भागात फोमची दोरी दाबावी आणि वर पीयू सीलंट भरावे. सिलिकॉन वापरू नये, त्यावर रंग बसत नाही.

स्थिर भेग छिन्नीने किंवा ग्राइंडरने थोडी रुंद करून, धूळ झाडून, ओलसर करून, एक भाग सिमेंट आणि तीन भाग बारीक धुतलेली वाळू यांच्या एसबीआर लेटेक्स (माल चिकटवून धरणारे रबरी द्रावण) घातलेल्या मालाने भरावी. भरण्यापूर्वी कडांना सिमेंट आणि लेटेक्सचा पातळ हात द्यावा आणि तो चिकट असतानाच माल दाबून बसवावा. डबकी साचणाऱ्या खळग्यांनाही हीच रीत लागू आहे. भिंतीची पुट्टी जमिनीवर कुठेही वापरू नये. पाणी लागताच ती मऊ पडते. नव्या भरणीला उन्हापासून झाकून गोणपाट ओले ठेवावे आणि रंग देण्यापूर्वी २८ दिवस जाऊ द्यावेत, कारण ताज्या सिमेंटचा अल्क आणि पाणी दोन्ही तोपर्यंत बरेच कमी होतात. तयार दुरुस्ती मसाला वापरल्यास पिशवीवर सांगितलेली मुदत पाळावी.

रंग देणे

संपूर्ण ओटा रंगवण्याआधी, ज्या कोपऱ्यात सर्वांत जास्त पोपडे होते तेथे फूटभर जागेत प्रायमर व दोन हात देऊन आठवडाभर थांबावे आणि वर सांगितलेली फुली-चिकटपट्टीची परीक्षा घ्यावी. रंगारी याला वेळेचा अपव्यय म्हणतील, तरीही हे टाळू नये, कारण येथे चूक निघाली तर वाया जाते ते फूटभर रंग, सगळा ओटा नव्हे.

रंगाच्या दिवशी आधी व्हॅक्यूमने, मग ओलसर फडक्याने धूळ टिपावी आणि कोबा पूर्ण वाळू द्यावा. याच दिवसांत घराघरात कापूस साठवलेला असतो आणि त्याचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात, म्हणून कापसाची हलवाहलव त्या दिवशी बंद ठेवावी. प्रायमर दुपारनंतर, कोबा थंड होऊ लागल्यावर देणे चांगले. सकाळी ऊन चढत असताना कोब्याच्या छिद्रांतली हवा तापून बाहेर पडते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढे फोड उठवते. मात्र तो दव पडण्याआधी सुकला पाहिजे, तेव्हा तीन वाजण्याच्या पुढे सुरुवात करू नये.

भिंतीलगतच्या कडा आणि भेगांच्या जागा ब्रशने आधी घ्याव्यात आणि लगेच रोलरने मधला भाग धरावा. दाराकडून सुरुवात करून पायरीकडे मागे सरकत यावे. मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा त्यावर थोडा चढवला म्हणजे जोड दिसत नाही. हात पातळ असावा, जाड हात वरून सुकतो आणि आत मऊ राहतो. डब्यावर सांगितले आहे तितकेच पाणी घालावे. पहिला हात किंचित पातळ करायला बहुतेक कंपन्या मुभा देतात, दुसऱ्याला देत नाहीत. दोन हातांमधले अंतर डब्याप्रमाणे, पण थंडीत त्याहून थोडे अधिक ठेवावे आणि दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा.

रंगवलेला ओटा पावसात आणि सड्याच्या पाण्यात निसरडा होतो, आणि घरात वयस्क माणसे असतील तर ही बाब रंगाच्या छटेपेक्षा महत्त्वाची आहे. पायऱ्यांवर आणि दारासमोर तरी पहिल्या हातावर, तो ओला असताना, चाळून वाळवलेली बारीक क्वार्ट्झ वाळू हलक्या हाताने भुरभुरवावी, सुकल्यावर सुटी वाळू झाडावी आणि मग दुसरा हात द्यावा. नदीची वाळू वापरायची असेल तर ती गाळ निघेपर्यंत धुवावी लागते.

नंतरचे दिवस

स्पर्शाला कोरडा झालेला रंग पक्का झालेला नसतो. दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता येते, खाटा, खुर्च्या आणि कुंड्या तीन-चार दिवसांनी मांडाव्यात, पण पाण्याने धुणे, सडा आणि मोटारसायकल यांना निदान आठवडाभर रजा द्यावी. थंडी अधिक असेल तर आणखी काही दिवस थांबावे. गाडीच्या जागी टायरखाली फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवण्याची सवय कायमचीच लावावी. रबरी पायपुसणे महिनोन् महिने एकाच जागी राहिले की त्याखाली डाग पडतो आणि ओल अडकते, तेव्हा ते अधूनमधून उचलून जागा वाळू द्यावी.

धुण्यासाठी साधे डिटर्जंट पुरते, ॲसिड आणि तारेची घासणी या ओट्यावर पुन्हा आणू नये. दर पावसाळ्यानंतर भिंतीलगतची फूटभर पट्टी आणि पायऱ्यांच्या कडा हाताने तपासाव्यात. एखादा फोड उठलेला आढळला तर तो लगेच रंगवू नये. तो ब्लेडने कापून उघडा करावा, खाली ओल आहे की क्षार ते पाहावे, घट्ट रंगापर्यंत कडा घासाव्यात आणि ती जागा हिवाळ्यापर्यंत तशीच वाळत ठेवून मग प्रायमर व दोन हात द्यावेत. यासाठी उरलेला रंग हवाबंद डब्यात, झाकणावर छटेचा क्रमांक व तारीख लिहून, पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरातल्या सावलीच्या जागी ठेवावा.